प्रभूच्या प्रार्थनेतल्या एका ओळीवर माझी जीभ अडते

सायंप्रार्थना

नमस्कार सगळ्यांना. इथे लिहावं की नाही, यात कित्येक आठवडे गेले. जवळच्या माणसांशी बोलता येत नाही, कारण ती माझ्या भावाच्याही जवळची आहेत.

माझे वडील नऊ वर्षांपूर्वी वारले. शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होते. मी नोकरी सांभाळून आठवड्यातल्या चार रात्री त्यांच्याजवळ असायची, बाकी वेळ धाकटा भाऊ. त्या काळात कधीतरी त्याने कागदांवर बाबांच्या सह्या घेतल्या आणि घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. मला कळलं ते अंत्यविधीनंतर, तेही तिसऱ्याच माणसाकडून. मी कोर्टात गेले नाही. भांडले, रडले, मग बोलणं बंद केलं. त्याने आजवर एका शब्दाने चूक कबूल केलेली नाही.

आम्ही दोघं अजून एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये जातो. तो माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसतो. त्याची मान, मागे विरळ होत चाललेले केस, अगदी बाबांसारखे, हे मी दर रविवारी बघते. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की एवढ्या सगळ्या आवाजांत मला त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपर्यंत मी सगळ्यांबरोबर असते. मग ती ओळ येते, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’, आणि माझे ओठ मिटतात. तो मात्र ती ओळ स्वच्छ म्हणतो. ‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ला मी पुन्हा सामील होते.

गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी, चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, प्याला हातात असताना हात इतका थरथरला की शेजारच्या बाईंनी खालून तळहात धरला. मला देवाशी खोटं बोलायचं नाही. सोडलेलं नसताना ‘सोडले आहे’ कसं म्हणू? आणि ते न म्हणता त्या मेजाजवळ तरी कशी जाऊ?

क्षमा करायची म्हणजे नक्की काय करायचं असतं? मनातला राग संपायला हवा का? विसरायचं? काही झालंच नाही असं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं? ‘क्षमा केली नाहीस तर तुलाही क्षमा नाही’ हे मला पाठ आहे. तेवढं कृपा करून पुन्हा सांगू नका.

मोहरीदाणा

ताई, जी ओळ तुमच्या घशात अडकते ती येशूच्याही दृष्टीने वेगळी असावी. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात त्याने ही प्रार्थना शिकवली, आणि ‘आमेन’नंतर लगेच, १४व्या आणि १५व्या वचनात, तो एकाच ओळीकडे परत वळला. भाकरीवर बोलला नाही, परीक्षेवर बोलला नाही. फक्त याच ओळीवर. ही सगळ्यात कठीण जाणार हे त्याला ठाऊक होतं, असं मला वाटतं.

आता ‘म्हणजे नक्की काय’ याबद्दल. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, इथे ‘सोडणे’ हे क्रियापद आहे, आणि ते फार नेमकं आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आफिएमी’. त्याचा अर्थ जाऊ देणं, हातातून सोडणं, कर्ज माफ करणं. हाच शब्द त्याच मत्तयात चौथ्या अध्यायात येतो. पेत्र आणि अंद्रिया समुद्रात जाळं टाकत आहेत, येशू हाक मारतो, आणि ते जाळी ‘सोडून’ त्याच्या मागे जातात. तिथे भावनेचा काही संबंध नाही. हातात ओलं, जड जाळं होतं, मुठी उघडल्या. जाळं नाहीसं झालं नाही, ते किनाऱ्यावर तसंच पडून राहिलं. फक्त ते आता यांच्या हातात नव्हतं.

तेव्हा राग संपणं ही क्षमेची अट आहे, असं शास्त्र कुठे म्हणत नाही. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो की रागावा, पण पाप करू नका. म्हणजे रागाला जागा आहे.

दुसरं म्हणजे ‘ऋण’. कर्ज सोडायचं तर आधी कर्ज आहे हे मान्य करावं लागतं, ते किती आहे हे मोजावं लागतं. ‘जाऊ दे, काही विशेष झालं नाही’ असं म्हणणाऱ्याने काहीच सोडलेलं नसतं, कारण त्याच्या वहीत देणंच लिहिलेलं नाही. मत्तय १८ मधल्या दाखल्यात राजा सुरुवातच हिशेब घेण्यापासून करतो, हे आपण वाचताना पटकन ओलांडून जातो.

त्या दाखल्यातले आकडे एकदा बसून मांडून बघा. मी तरुणपणी मांडले होते आणि त्या दिवसापासून तो दाखला मला वेगळाच वाचता येतो. त्या चाकराचं राजाला देणं होतं दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. योसेफस हा त्या काळचा इतिहासकार सांगतो की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून मिळून वर्षाला २०० तालंत मिळत. म्हणजे दोन प्रांतांचा पन्नास वर्षांचा महसूल एका चाकराच्या डोक्यावर! ऐकणारे गालीलीच होते, त्यांना तो आकडा ऐकून घेरीच आली असणार. राजाने ते सगळं सोडलं. आणि मग या चाकराने ज्या सोबत्याला देण्यापायी तुरुंगात टाकलं, त्याच्याकडे याचं येणं किती? शंभर दिनार. साडेतीन-चार महिन्यांची मजुरी.

एक गोष्ट मात्र नीट बघा. शंभर दिनार ही काही फालतू रक्कम नाही. चार महिने राबून कुणी ते बुडवले तर घराची चूल थंडावेल. येशू त्या देण्याला खोटं म्हणत नाही, लहानही म्हणत नाही. तुमचं घर गेलं, ते खरंच गेलं.

जुनाखांब

मोहरीदाणा यांनी शब्दार्थ छान उलगडला. पण मला एक मुद्दा स्पष्टपणे मांडायचा आहे, कारण आजकाल व्यासपीठावरून तो गाळला जातो. लूक १७:३. भावाने अपराध केला तर आधी त्याला तसं तोंडावर सांगा, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करा. ‘तर’ हा शब्द तिथे आहे. ताईंच्या भावाने पश्चात्ताप केलेला नाही. मग ताईंवर क्षमेचं ओझं कशाला?

डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ हा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय क्षमेची घोषणा करणं, हा त्यांच्या लेखी स्वस्त कृपेचा पहिला नमुना. हे लिहिणारा माणूस नाझी राजवटीला उभा राहून विरोध करत होता आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला. मला त्यांच्या शब्दाचं वजन वाटतं. गुन्हेगाराने मान वर करून बसावं आणि जिच्यावर अन्याय झाला तिने अपराधी वाटून घेत प्याला धरावा, हे उलटं नाही का?

मेणबत्ती

जुनाखांब, तुमचा संताप मला कळतो, ताईंच्या बाजूने तो आहे हेही कळतं. पण मार्क ११:२५ सुद्धा आहे. तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर सोडून द्या. इथे समोरचा माणूस हजरच नाही. त्याने कबूल केलं की नाही, हे वचन विचारतही नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याच्यावर धोंडे पडत होते तेव्हा मारणाऱ्यांपैकी कुणीही पश्चात्ताप केला नव्हता. तरी गुडघे टेकून त्याने मोठ्याने मागितलं की हे पाप त्यांच्या माथी मोजू नकोस. आणि तिथे कपडे सांभाळत उभा असलेला तरुण शौल, म्हणजे पुढचा पौल, तो पश्चात्तापापासून अजून कितीतरी दूर होता.

मला वाटतं लूक आणि मार्क दोन वेगळ्या वेळांबद्दल बोलतात. एक देवासमोर, एकट्याने. दुसरी भावासमोर, दोघांनी. पहिली त्याच्या कबुलीसाठी थांबत नाही. दुसरी कबुलीशिवाय पुरी होत नाही.

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे पापनिवेदन असतं. बाहेरच्यांना वाटतं की आत जाऊन सांगितलं, फादरांनी क्षमा दिली, संपलं. तसं नाही. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायला हवं, कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते सावरायला हवं. भरपाई हा त्या संस्काराचाच भाग आहे. जकातदार जक्कय येशूसमोर उभा राहून काय म्हणाला? कुणाचं काही फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूने त्याला ‘राहू दे रे, मी क्षमा केली’ असं म्हटलं नाही.

म्हणून ताई, तुम्ही मनातून सोडलंत तरी तुमच्या भावाचं परत करण्याचं कर्तव्य संपत नाही. ते त्याच्यात आणि देवात शिल्लक राहतं.

जुनाखांब

‘दोन वेळा’ हे पटलं. पण मग पहिल्या प्रकाराला क्षमा म्हणण्यापेक्षा सूड देवाच्या हाती देणं म्हणावं, रोम १२:१९ प्रमाणे. नाव काय द्यायचं यावर मी अडून बसणार नाही. माझा आग्रह एवढाच की ताईंनी स्वतःला दोषी धरू नये.

अबोली

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते, कारण हा धागा माझ्यासारखी कुणीतरी वाचत असेल.

लग्नानंतर सहा वर्षं मी मार खाल्ला. तीन वेळा आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले. तिन्ही वेळा त्यांनी त्याला बोलावलं, तो रडला, गुडघ्यांवर बसला, आणि मला सांगण्यात आलं, सातच्या सत्तर वेळा क्षमा करायची, बाळ. तिसऱ्या वेळी मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून गेले होते, उन्हाळ्यात. कुणी विचारलं नाही की एवढ्या उकाड्यात का.

चौथ्या वेळी मी त्यांच्याकडे गेले नाही. पोलिसांकडे गेले आणि मग आईकडे.

त्याला क्षमा केली का, असं मला अजून विचारतात. हो, केली. बरीच वर्षं लागली. पण मी परत गेले नाही आणि जाणारही नाही. त्याचं काही वाईट व्हावं असं मी मागत नाही, मुलांजवळ त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करते. दार मात्र बंद आहे.

मला वाट दाखवली ती २ तीमथ्याने, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राने. चौथ्या अध्यायात पौल तुरुंगातून लिहितो की आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याचं त्याला देईल, आणि तूही त्याच्यापासून जपून राहा. नाव घेतलंय, झालेलं वाईट सांगितलंय, सावधही केलंय. आणि लगेच पुढच्या वचनात, माझ्या सुनावणीच्या वेळी सगळे मला सोडून गेले, त्याचा दोष त्यांच्याकडे मोजला न जावो. घाबरून पळाले त्यांना एक, आणि जाणूनबुजून घात केला त्याला दुसरं. एकाच माणसाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. ते वाचलं त्या दिवशी मी खूप रडले. जपून राहणं म्हणजे क्षमा न करणं नव्हे, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मोहरीदाणा

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी तुमचा ऋणी आहे. मी स्वतः मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपैकी एक म्हणून बरीच वर्षं काम केलंय. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज माझ्याही समोर कधी येऊन गेला असेल आणि मी पाहिला नसेल. आज रात्री मला त्याचा विचार करायचा आहे.

‘सातच्या सत्तर वेळा’बद्दल एक सांगतो, कारण त्या वचनाचा असा वापर झालेला ऐकून राग येतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाच्या वंशातला लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तिथे जे शब्द आहेत तेच मत्तयात येशूच्या तोंडी आहेत. येशू लामेखाचं गाणं उलटं फिरवतोय. मारणाऱ्याची बढाई मोडण्यासाठी बोललेलं वचन, ते मार खाणारीला गप्प करायला वापरलं गेलं. याहून वाईट वापर मला सुचत नाही.

काठावरचा

मी ख्रिस्ती नाही. एका मित्रामुळे हा विभाग वाचतो. एक प्राथमिक शंका आहे, चुकीच्या जागी असेल तर सांगा. हल्ली सगळीकडे ऐकू येतं की माफ करा, स्वतःच्या मनःशांतीसाठी करा, राग धरल्याने तुमचाच रक्तदाब वाढतो. तुमची क्षमा हीच का? की वेगळी?

मेणबत्ती

अगदी योग्य जागी आहे शंका. मनःशांती मिळते, बरेचदा. पण आमच्यात सुरुवात तिथून होत नाही. मनःशांतीसाठी केलेल्या क्षमेत समोरच्या माणसाचं काय व्हायचं ते होवो, मी मोकळी झाले म्हणजे झालं. येशूने मात्र शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगितलं, म्हणजे त्याचं बरं व्हावं असं मागायला. त्याने रक्तदाब कमी होईलच असं नाही, कधी कधी वाढतोही.

आणि मूळ कारण हे की आम्हाला आधी सोडलं गेलंय. कलस्सैकरांस पत्रात ‘प्रभूने तुम्हांला क्षमा केली तशी तुम्हीही करा’ असा क्रम आहे. तिथे पौलाचा शब्द ‘आफिएमी’ नाही, ‘खारिस’ म्हणजे कृपा, त्यापासून आलेला शब्द आहे. फुकट देणं. जे फुकट मिळालं ते पुढे देणं.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व तिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. मुलं दहा आणि सहा वर्षांची. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवत त्या मुलीबरोबर ओडिशातच राहिल्या. खटला चालला, शिक्षाही झाली. त्यांच्या क्षमेने न्यायालयाचं काम थांबलं नाही, आणि न्यायालयाच्या कामाने त्यांची क्षमा खोटी ठरली नाही.

काठावरचा

धन्यवाद. ‘आधी सोडलं गेलंय’ हा भाग माझ्यासाठी नवीन आहे. विचार करतो.

परतवाट

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहितोय. सायंप्रार्थनाताई, तुम्हाला हे वाचणं जड जाणार असेल तर पुढे सरका.

मी तुमच्या भावाच्या जागी आहे. घर नव्हतं, भागीदारी होती. जिवलग मित्राबरोबरचा व्यवसाय, आणि मी दोन वर्षं हिशेबात हात मारला. पकडला गेलो नाही. तो व्यवसाय बुडाला म्हणून खचला आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर देत होतो. प्रार्थनेतली ती ओळ मीही स्वच्छ म्हणायचो, ताई. मोठ्याने म्हणायचो. आतलं ऐकू येऊ नये म्हणून.

मत्तय ५:२३ ने मला गाठलं. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. मी म्हणायचो, पण त्याच्या मनात काही नाही, त्याला माहीतच नाही. किती वर्षं या पळवाटेत बसलो होतो. शेवटी पत्र लिहिलं. पोस्टात टाकण्याआधी अकरा वेळा लिहिलं. पहिल्या सगळ्या मसुद्यांमध्ये ‘पण’ होता. त्या वेळी माझी परिस्थिती अशी होती, पण. बाराव्यांदा लिहिलेल्यात नव्हता, तेच टाकलं, आणि पैसे परत करायला सुरुवात केली.

त्याचं उत्तर सात महिन्यांनी आलं. दोन ओळी. क्षमा केली असं त्यात होतं. भेटूया असं नव्हतं. मी त्याबद्दल तक्रार करणार नाही, तेवढं मला पुष्कळ आहे.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. क्षमा मिळाली यावर विश्वास ठेवणं फार अवघड असतं. ज्या भावांनी योसेफाला विकलं होतं, त्यांना त्याने मिठ्या मारल्या, रडला, पोसलं. त्यांचा बाप याकोब त्यानंतर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सतरा वर्षं जगला. आणि तो मेल्याबरोबर भाऊ काय म्हणतात? आता योसेफ आपला सूड घेईल. सतरा वर्षं ते त्याच्या ताटात जेवत होते आणि मनात भीती धरून होते. योसेफ ते ऐकून पुन्हा रडला. मला वाटतं, तो त्यासाठी रडला.

आणि योसेफाने पहिल्या भेटीत ओळख दिली नव्हती. त्याने भावांना पारखलं. सगळ्यात धाकट्या बन्यामिनाला अडकवून बघितलं, याला तरी सोडून जातात का. भावांपैकी यहूदा पुढे होऊन म्हणाला, याच्याऐवजी मला दास करून ठेवा. तेव्हा योसेफाचा बांध फुटला. पण ओळख देतानाही तो म्हणतो, मी तुमचा भाऊ, ज्याला तुम्ही विकलंत. ‘विकलंत’ हा शब्द त्याने गाळला नाही. माझ्या मित्रानेही दोन ओळींमध्ये ‘तू चोरी केलीस’ असं लिहिलं होतं. ते वाचून आधी झोंबलं. आता वाटतं, ते शब्द नसते तर खालच्या क्षमेवर माझा विश्वासच बसला नसता. कशाची क्षमा, हेच कळलं नसतं.

सायंप्रार्थना

परतवाट, तुमचं मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा खरंच पुढे सरकले होते. ‘आतलं ऐकू येऊ नये म्हणून’ हे वाचून परत आले. तो इतका स्वच्छ का म्हणतो, याचा मी असा कधी विचारच केला नव्हता. तसंच असेल असं नाही. पण असू शकतं.

सगळ्यांना एकेक उत्तर द्यायचं आहे, जरा वेळ द्या. आज एवढंच विचारते. समजा मी देवासमोर सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या घरावरून जाताना पुन्हा आत आग पेटली, तर आदल्या दिवशीचं खोटं होतं का?

मेणबत्ती

नाही, ताई. यावर कोरी टेन बूम यांचा अनुभव वाचण्यासारखा आहे. हॉलंडमधलं घड्याळजींचं घर, ज्यू लोकांना लपवलं म्हणून फेब्रुवारी १९४४ मध्ये सगळ्यांना अटक झाली. वडील दहा दिवसांत वारले, बहीण बेट्सी त्याच डिसेंबरात नाझींच्या राव्हेन्सब्रूक छावणीत वारली. १९४७ साली कोरी म्युनिकमध्ये क्षमेवरच बोलल्या, आणि सभा संपल्यावर त्या छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर आला. त्याने यांना ओळखलं नव्हतं, यांनी त्याला लगेच ओळखलं. त्यांचा हात उचलेना. मनात काडीचीही माया नव्हती. हात तेवढा उचलता येईल, भावना तू दे, अशी प्रार्थना करून त्यांनी तो हात यांत्रिकपणे पुढे केला. ऊब नंतर आली.

पण त्याच कोरी पुढे सांगायच्या की दुसऱ्या एका प्रसंगात, स्वतःच्या ख्रिस्ती मित्रांनी दुखावलं तेव्हा, क्षमा केल्यावरही त्या रात्रीच्या रात्री जाग्या असत. एका पाळकाने त्यांना चर्चच्या घंटेच्या दोराचं उदाहरण दिलं. दोर ओढायचं सोडलं तरी घंटा आणखी काही वेळ वाजत राहते, टोल विरळ होत जातात. आग पुन्हा पेटली म्हणजे टोल पडला. तुम्ही दोर परत ओढला, असा त्याचा अर्थ नाही.

अबोली

टोल पडतात. माझे अजून पडतात, पण वर्षातून एखादा. त्या दिवशी मी पुन्हा एकदा सोडते, एवढंच. पूर्वी दिवसातून वीस वेळा सोडावं लागायचं. पेत्राने येशूला किती वेळा क्षमा करायची म्हणून विचारलं ते नवनव्या अपराधांबद्दल असेल, पण मी ते एकाच अपराधासाठी मोजलं होतं. एकच गोष्ट, सातच्या सत्तर वेळा.

जुनाखांब

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय, अबोलीताई.

मोहरीदाणा

सायंप्रार्थनाताई, एक सुचवू? पटलं नाही तर सोडून द्या. राजाने केलं ते करून बघा. हिशेब मांडा, अक्षरशः कागदावर. त्याने काय काय घेतलं, एकेक ओळ. घर लिहा आणि बाकीचंही लिहा. भजनसंहितेत अशी किती गाऱ्हाणी आहेत बघा. ५५वं स्तोत्र तर जिवलग मित्राने केलेल्या घाताचं आहे, शत्रू असता तर सोसलं असतं असं त्यात म्हटलंय. ती गाऱ्हाणी देवाच्या पुस्तकातच आहेत, म्हणजे त्याला ऐकायला चालतात. लिहून झालं की तो कागद हातात धरून ती ओळ म्हणा. ‘सोडले आहे’ जमत नसेल तर ‘सोडायचे आहे, मला मदत कर’ एवढंच म्हणा. मला नाही वाटत आपला स्वर्गातला बाप त्याला खोटं धरेल.

सायंप्रार्थना

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद कागदावर उतरवून घेतले होते.

हिशेब लिहिला. तीन रात्री लागल्या. सगळं वर्षानुवर्षं पाठ होतं, म्हणून वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. कागदावर एक नंबर घातला आणि घर लिहायला पेन टेकवलं, तर घर लिहिलंच गेलं नाही. लिहिलं गेलं ते हे: बाबा रात्री अडीचला गेले आणि त्याने मला सकाळी सात वाजता फोन केला.

ती रात्र माझी नव्हती, त्याची होती. मी माझ्या घरी झोपले होते. साडेचार तास तो एकटा बाबांजवळ बसला होता आणि मला उठवलं नाही. मी पोचले तेव्हा बाबांचा हात गार होता, मनगटावर घड्याळाचा पांढरा वळ होता. घर त्या यादीत चौथं आलं. नऊ वर्षं मी सगळ्यांना घराचं सांगत होते, स्वतःलाही.

तो कागद मी शास्त्रात मत्तय १८ जवळ ठेवलाय. फाडलेला नाही. रोज सकाळी तो हातात घेऊन मोहरीदाणाकाकांनी सांगितलं तसं म्हणते. पहिले पंधरा-वीस दिवस ‘मदत कर’ एवढंच. मग एकदा, मंगळवार होता, घर या ओळीवर बोट ठेवून ‘सोडले आहे’ असं तोंडातून आलं. मी दचकलेच. त्या दिवशी मुद्दाम त्या घरावरून गेले. टोल पडला, मेणबत्तीताई, पण खरंच हलका.

पहिल्या ओळीचं अजून तसं झालेलं नाही. आणि मला वाटतं ते एकटीने होणारही नाही, कारण त्या साडेचार तासांत काय झालं हे मला माहीतच नाही. न मोजलेलं सोडता येत नाही, हे इथेच शिकले. म्हणून परवा त्याला निरोप पाठवला. नऊ वर्षांत पहिला. ‘बाबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. घराबद्दल नाही.’

निरोप त्याने वाचल्याचं दिसतंय. उत्तर आलेलं नाही. रविवारी तो बाकावर होता. ती ओळ आली तेव्हा मी हळू आवाजात ‘सोडायचे आहे’ म्हटलं, आणि त्याचा आवाज ऐकायला थांबले. या वेळी तो ऐकू आला नाही. तो म्हणाला नाही, की एवढ्या आवाजांत मलाच सापडला नाही, सांगता येत नाही.

परतवाट

ताई, उत्तराला वेळ लागेल. तो लिहीत असेल आणि खोडत असेल. पहिल्या मसुद्यांमध्ये ‘पण’ असेल, तो त्यालाच आवडत नसेल. तुमच्या निरोपातलं ‘घराबद्दल नाही’ हे तो पुन्हा पुन्हा उघडून वाचत असेल, कारण घराची उत्तरं त्याने नऊ वर्षं तयार करून ठेवली असतील आणि या प्रश्नाचं त्याच्याजवळ एकही नसेल. थांबा त्याच्यासाठी. मी आज दोघांची नावं न घेता दोघांसाठी प्रार्थना केली आहे.